कुलूपकाकांचा फोटो

"बाबांचा एक फोटो? त्यात काय मोठंसं! चार वाजायच्या आत तुमच्या हातात ठेवते!"

ताईनं व्यापारी मंडळाच्या चिटणीसांना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. घरात बाबांचा एकही धड फोटो नाही, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

चिटणीस दारातूनच बोलत होते. "रविवारी सभा आहे. बाजारातल्या प्रत्येक जुन्या माणसाचा फोटो मंडळाच्या हॉलमध्ये आहे, मग कुलूपकाकांचाच का नको? मी तर भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवलाय. फक्त फ्रेमवाला पाचला दुकान बंद करतो, तेवढं बघा."

खिळा ठोकून झाला म्हटल्यावर माघार कसली!

कुलूपकाका म्हणजे ताईचे वडील. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. बाजाराच्या तोंडाशी, पायपुसण्याएवढ्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली, किल्ल्या घासल्या आणि लोकांची अडून बसलेली कपाटं उघडून दिली. त्यांची एक रीत होती. कुलूप 'खट्' म्हणालं की दार उघडायच्या आत ते पाठ फिरवत आणि भिंतीकडे बघत हत्यारं आवरत. "कुलूप उघडणं माझं काम. आत काय आहे, ते तुमचं!" कुणाच्या कपाटात काय दडलंय याची अख्ख्या बाजाराला खबर असायची. नसायची ती फक्त कपाट उघडणाऱ्याला.

अशा माणसाला फोटोचा तिटकारा नसता तरच नवल. "कॅमेरा म्हणजे परक्याच्या हातात दिलेली आपली किल्ली," असं ते म्हणत. चौकाचौकांत सरकारी कॅमेरे लागले, त्या दिवसापासून त्यांनी बारा महिने छत्री वापरायला सुरुवात केली. आकाश निरभ्र आणि काका छत्रीखाली! लोक हसायचे. काका म्हणायचे, "वरून काय पडेल ते सांगता येत नाही. हल्ली नजरही पडते."

ताईनं सगळे अल्बम पलंगावर ओतले. बाबांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत मधोमध आई, आणि तिच्या शेजारी एक वाकलेला माणूस. नवरदेव बुटाची नाडी बांधताहेत! ताईच्या पदवीच्या फोटोत नाडी. मामाच्या नव्या घरापुढे नाडी. सहलीत, समुद्राकाठी, पुन्हा नाडी.

"आई, किती ही नाडी सुटायची त्यांची!"

"कसली नाडी!" आई म्हणाली. "जन्मभर चपला घातल्या त्यांनी. लग्नातले बूटसुद्धा मामांचे होते, आणि त्यांनाही नाडी नव्हती."

दोघी हसल्या. ताईनं अल्बम पुन्हा एकावर एक रचले, लहानावर मोठा, आणि ते घसरून खाली पडले.

"कार्ड!" आई एकदम म्हणाली. "ओळखपत्र! सरकारनं काढलेला फोटो असेल ना त्यावर!"

ओळखपत्र मिळालं खरं, पण फोटोच्या जागी काळी चिकटपट्टी! कार्ड हातात पडल्या पडल्या बाबांनी ती लावली होती. बँकेत कुणी हरकत घेतली, तर ते म्हणायचे, "चेहरा समोर उभा आहे ना? मग कार्डावरचा कशाला बघता? नंबर लिहून घ्या!" आणि बँकवाले निमूटपणे नंबर लिहून घ्यायचे. बँकेचे अडकलेले लॉकर शेवटी त्यांच्याच हातून उघडायचे होते.

"गरम इस्त्री फिरवली की पट्टी अलगद निघते," ताई म्हणाली. ती शाळेत ग्रंथपाल होती. पुस्तकांवरची जुनी लेबलं ती अशीच काढायची. इस्त्री फिरली, पट्टी निघाली, आणि खाली काय? एक काळाकुट्ट गोळा! नाक नाही, डोळे नाहीत. उलट्या ठेवलेल्या कढईसारखं काहीतरी.

आईनं कपाळावर हात मारला. "झालं! बापाचं तोंड काळं केलंस!"

"आई, प्लीज!"

"इस्त्रीनं केलंस! मी आपलं सांगते, जे झालं ते!"

ताईनं कार्ड पर्समध्ये टाकलं. शेजारी बाबांची हत्यारांची पिशवी होती. तीन आठवडे ती पर्समध्येच होती. काढून कुठं ठेवावी हे ठरत नव्हतं. "काळजी करू नकोस," ती म्हणाली. "मूळ फोटो ओळख कार्यालयात असणारच. अर्ध्या तासात येते!"

हा दिवसातला तिचा दुसरा शब्द. पहिल्याची गत तुम्ही पाहिलीच.

ओळख कार्यालयाच्या दारात एक फिरतं फाटक होतं, फाटकावर कॅमेरा आणि कॅमेऱ्याखाली पाटी: 'चेहरा दाखवा, आत या'. शेजारच्या स्टुलावर शिपाई. निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाची शांती त्याच्या चेहऱ्यावर पसरली होती.

"बाई, वर बघा. फोटो निघेल."

"मी फोटो घ्यायला आलेय. द्यायला नाही."

"सगळेच देतात."

"सगळ्यांचे बाबा माझ्या बाबांसारखे नव्हते!"

शिपायानं खांदे उडवले. मागून रांग ढकलत होती. आता मान वर करावी, तर बाबांचं चाळीस वर्षांचं व्रत मोडतं. न करावी, तर फोटो हुकतो. ताईला काही सुचेना, आणि मग अचानक सुचलं. ती खाली वाकली आणि सँडलचा पट्टा बांधू लागली. यंत्रानं वर पाहिलं, खाली पाहिलं, थोडा विचार केला आणि गोड आवाजात म्हणालं, "कोणीही नाही. धन्यवाद!"

फाटक उघडलं. ताई वाकूनच आत गेली. तिच्या मागे उभा असलेला शिंपी पाहतच राहिला.

"ओ ताई, हे भारी आहे! बाजारात कुलूपकाका असंच करायचे."

"मी त्यांचीच मुलगी."

"तरीच!" शिंपी म्हणाला, आणि तोही वाकला.

खिडकी क्रमांक तीनवर एक बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नियम जिभेच्या शेंड्यावर.

"माझ्या वडिलांच्या फोटोची प्रत हवीय."

"चेहरा ही व्यक्तीची खाजगी बाब असते," बाई म्हणाल्या. "कार्डधारकानं स्वतः येऊन संमती द्यावी लागते."

"ते वारले."

"अरेरे. वाईट झालं," बाई मनापासून म्हणाल्या. "कधी येऊ शकतील?"

मग बाई भानावर आल्या. "म्हणजे... मग वारसाचा अर्ज लागेल. वर साहेबांची सही. आणि अर्जासोबत अर्जदाराचा ताजा फोटो. तो इथंच काढतो आम्ही. त्या स्टुलावर बसा."

"थांबा. तुम्ही चौकात न विचारता सगळ्यांचे चेहरे टिपता. तेव्हा ती खाजगी बाब नसते?"

"तेव्हा ती सरकारी असते."

"आणि बापाचा चेहरा बघायला लेकीनं आधी आपला चेहरा सरकारात जमा करायचा?"

"तुम्ही बोलता छान," बाई म्हणाल्या, "पण मागे अडतीस माणसं आहेत."

रांगेतच दुपार सरली होती, घड्याळात तीन वाजत होते. ताईच्या डोळ्यांपुढे मंडळाची भिंत आली. धान्यवाले आजोबा, सायकलवाले, चष्मेवाले, सगळे ओळीनं फ्रेममध्ये, आणि शेवटी एक नुसता खिळा. बाबा तिकडेही नसणार? घरात नाहीत, दुकानात नाहीत, आणि भिंतीवरही नाहीत! ती स्टुलावर जाऊन बसली. 'बाबा, तेवढं एकदा माफ करा,' असं मनात म्हणाली आणि मान वर करणार,

तोच साहेबांच्या केबिनवरचा भोंगा बोंबलला!

केबिनच्या दाराला आठवड्यापूर्वीच नवं कुलूप बसवलं होतं. चेहरा बघून उघडणारं! आत जायला चेहरा, बाहेर यायलाही चेहरा. चार वाजता मोठे साहेब खास ते कुलूप बघायला येणार होते. आणि आता ते कुलूप सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणत होतं, "अनोळखी व्यक्ती. आपली येथे नोंद नाही."

"अरे, मी साहेब आहे!" आतून आवाज आला.

"अनोळखी व्यक्ती."

"हे कार्यालय माझं आहे!"

"आपली येथे नोंद नाही. धन्यवाद."

शिपाई स्टुलावरून उठला. ही त्याची त्या आठवड्यातली पहिलीच धावपळ. "साहेब, किल्लीनं उघडतो! अडीअडचणीची किल्ली कुठंय?"

"माझ्या खणात!"

"आणि खण?"

"आत! माझ्यापाशी! गाढवा!"

"मग आतून लावा साहेब!"

"भोक बाहेरच्या बाजूला आहे!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि मग, कोण जाणे कसं, सगळे शिंप्याकडे बघू लागले, कारण शिंपी ताईकडे बोट दाखवत होता. "या कुलूपकाकांच्या कन्या आहेत!"

ताई दारापाशी गेली. यंत्राच्या चकचकीत पत्र्याखाली एक साधं, ओळखीचं भोक होतं. वर एवढा थाट, आणि पोटात तेच जुनं पाच खिट्ट्यांचं कुलूप! बाबा असते तर खो खो हसले असते. तिनं पर्समधून पिशवी काढली. बाबांनी रविवारी दुपारी शिकवलेलं बोटांना अजून आठवत होतं.

"कोण आहे तिकडे?" साहेबांचा आवाज अगदी दारापाशी आला, आणि एकदम खाली उतरला. "हे बघा... दार उघडल्यावर... कुणी मला बघायला नको. कृपा करा."

का, ते ताईनं विचारलं नाही. ती उठली आणि रांगेकडे वळली.

"सगळ्यांनी पाठ फिरवा!"

"का म्हणून?" खिडकीतल्या बाईंनी मान उंच केली.

"कुलूप उघडणं माझं काम. आत काय आहे, ते त्यांचं. आमची रीत आहे ही. मान्य नसेल तर मी चालले. मोठे साहेब येतील, तेच उघडतील!"

"नाही, नाही! जाऊ नका!" आतून किंकाळी आली. "पाठ फिरवा! माझा हुकूम आहे!"

शिंपी आधी वळला. मग त्याच्या मागचे आजोबा. मग सगळी रांग, पत्त्यांचा बंगला कोसळावा तशी धडाधड वळत गेली. शिपाई वळला. शेवटी बाईंनीही खुर्ची गरकन फिरवली. ताईनं सळई घातली, एकेक खिट्टी उचलली, खट् झालं, आणि तीही भिंतीकडे वळली. एकेचाळीस माणसं, सगळी पाठमोरी!

आता गंमत बघा. छतावर सहा कॅमेरे होते. त्यांना एका क्षणात कार्यालयातला शेवटचा चेहराही दिसेनासा झाला. भिंतीवरच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'उपस्थित चेहरे: शून्य'. यंत्रानं हिशेब केला की कार्यालय तरी ओस पडलंय, नाहीतर बिनचेहऱ्याच्या जमावानं ते ताब्यात घेतलंय. त्यानं थेट समोरच्या इमारतीतल्या सुरक्षा पथकाला कळवलं. पथक दोन मिनिटांत हजर! सहा जवान, आणि पुढे त्यांचा नाईक.

"हात वर! चेहरे दाखवा!"

"दार नीट उघडेपर्यंत नाही!" शिंपी पाठमोराच म्हणाला. त्याला आता चांगलाच चेव आला होता.

"मी शेवटचं सांगतोय!"

"आणि आम्ही पहिल्यांदा सांगतोय!" मागचे आजोबा म्हणाले. "एक दिवस आमच्या पाठी बघा की! रोज चेहरे बघून काय दिवे लावलेत?"

नाईक काही बोलणार, तेवढ्यात केबिनचं दार उघडलं आणि आतून एक माणूस बाहेर पडला. डोक्याला टॉवेल, अंगात बनियन, उजवी मिशी पांढरीशुभ्र आणि डावी डांबरासारखी काळी! मोठे साहेब यायच्या आत तरुण व्हावं म्हणून साहेबांनी कलप काढला होता. अर्धी मिशी झाली, मोठे साहेब निघाल्याचा फोन आला, तोंड धुवायला म्हणून ब्रश हातात घेऊनच ते दारापाशी आले, आणि कुलपानं त्यांना ओळखच दाखवली नाही! आता त्या खोलीत चेहरा असलेली माणसं सातच होती, आणि साहेब नेमके त्यांच्या तावडीत सापडले.

"तोतया!" नाईक गरजला. "साहेबांच्या केबिनमधून तोतया पळतोय! धरा!"

"अरे, मीच साहेब! सोडा!"

नाईकानं हातातलं यंत्र साहेबांच्या तोंडासमोर धरलं. "अनोळखी व्यक्ती," यंत्र म्हणालं.

"बाई! तुम्ही तरी सांगा यांना, मी कोण ते!"

"बघितल्याशिवाय कसं सांगू?" बाई पाठमोऱ्या बसूनच म्हणाल्या. "आणि बघू नका, असा तुमचाच हुकूम आहे!"

"आवाजावरून सांगा!"

"हो, आवाज त्यांचाच आहे," बाई नाईकाला म्हणाल्या. "एवढं ओरडणारं दुसरं कुणी नाही इथं."

अडतीस पाठी गदागदा हलू लागल्या. पाठमोरा माणूस हसतो तेव्हा खांदेच हसतात.

दहा मिनिटांनी साहेब तोंड धुऊन, सदरा घालून, मिशी साफ उतरवूनच बाहेर आले. आता तर त्यांना कोणतंच यंत्र ओळखणार नव्हतं! त्यांनी ताईला खिडकीपाशी बोलावलं.

"तुम्ही काही पाहिलंत?"

"काय?"

"काही नाही," साहेब म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, "एकदा माझ्या वडिलांची पेटी तुमच्या वडिलांनी उघडून दिली होती. तेही असेच भिंतीकडे बघत उभे होते. बोला, काय काम होतं?"

तिनं सांगितलं. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी नंबर घातला, बटण दाबलं आणि पडद्यावर फोटो उमटला.

पडद्यावर बाबा होते. पाठमोरे.

दाट काळे केस, उजव्या कानावर पेन्सिल, मानेखाली उसवलेली कॉलर. खाली हिरव्या अक्षरांत: 'चेहरा पडताळणी यशस्वी'.

"अग्गोबाई!" बाईंनी चष्मा वर केला. "हा तर मीच काढलेला! आमच्या फायलींचं कपाट अडकलं होतं, म्हणून त्यांना बोलावलं होतं. कुलूप काढून झालं, दार घट्ट बसलं होतं ते तसंच. मी म्हटलं, काका, आलाच आहात तर कार्डही काढून घ्या. नाही नाही म्हणत बसले बिचारे स्टुलावर. मी बटण दाबायला आणि त्या कपाटाचं दार आपोआप उघडायला एकच गाठ! ते वळले! आत सगळ्यांच्या फायली होत्या ना. म्हटलं, काका, पुन्हा काढू. तर म्हणाले, 'यंत्राला चाललंय ना? मग तुम्ही कशाला जिवाला लावून घेता!'"

ताईनं सावकाश पर्समधून कार्ड काढलं. तो काळा गोळा. ती कढई. काठावर टाचणीएवढी पेन्सिल! इस्त्रीनं काहीसुद्धा बिघडलं नव्हतं. ते केसच होते.

"म्हणजे फोटो तुमच्या पर्समध्येच होता की!" शिंपी तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाला. "मग दिवसभर आम्हाला कशाला फिरवलंत?"

"मोठ्या आकारात हवा होता," ताई कशीबशी म्हणाली.

"घेऊन जा," साहेब म्हणाले. "यात चेहरा नाही, म्हणजे चेहऱ्याचे नियमही लागू नाहीत. सही नको, अर्ज नको, काही नको. आणि बाई, यांचा फोटो काढला नाहीत ना? काढूही नका."

पाचला दोन मिनिटं कमी असताना फ्रेमवाल्याच्या दुकानात ताई धापा टाकत शिरली.

रविवारी हॉल भरला. चिटणीसांनी फ्रेमवरचा कागद काढला आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो ताई, हा उलटा आहे!"

पण मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, कुलूपकाका! हुबेहूब!" आणि मग सगळा हॉल बोलू लागला. धान्यवाल्याच्या सुनेनं काका असेच पाहिले होते, तिची पेटी उघडली तेव्हा. चष्मेवाल्याच्या मुलानं असेच. शिंपी तर पुढे येऊन फोटोला बोट लावून म्हणाला, "ही पाठ मी मापलीय! बेचाळीस! ती कॉलर मी शिवून देणार होतो. आलेच नाहीत परत."

चिटणीसांचं समाधान होईना. "तरीपण वहिनी, समोरून असता तर बरं झालं असतं."

आई इतका वेळ फोटोकडे बघत उभी होती. ती वळली.

"समोरून मी पाहिलंय," ती म्हणाली. "तेवढं माझ्याकडे राहू दे."

चिटणीसांनी मुकाट्यानं फ्रेम खिळ्याला लावली.

सोमवारी ताईच्या नावे ओळख कार्यालयाचं पत्र आलं. पत्ता शिपायानं शिंप्याला विचारला असणार. 'अमुक तारखेस कार्यालयात टिपलेल्या एकेचाळीस पाठींपैकी आपली कोणती, हे आठ दिवसांच्या आत समक्ष येऊन दाखवावे.'

"जाणार आहेस का?" आईनं विचारलं.

"जाईन की. समक्ष म्हटलंय, चेहरा दाखवा असं कुठं म्हटलंय? उलटी चालत जाईन, म्हणजे पडताळणीही होईल!" असं ताई अगदी बाबांच्या ठसक्यात म्हणाली. सरावासाठी म्हणून दोन पावलं मागे सरकली, आणि अजून दारातच ठेवलेल्या बाबांच्या छत्रीला अडखळून जमिनीवर बसली.